ओळंब्यापासून ड्रोनपर्यंत

नगर शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत हिवरे बाजार हे गाव आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले, तरी बोलण्यात अजून 'नगर'च येते.) पाणलोट क्षेत्र विकासाचा धडा शिकवताना आपण शिक्षक मंडळी या गावाचे नाव हमखास घेतो. फळ्यावर डोंगराचा उतार काढतो, त्यावर आडव्या रेघा ओढतो आणि सांगतो, "हे सलग समतल चर. यांत पावसाचे पाणी अडते आणि जमिनीत मुरते." मुले आकृती वहीत उतरवून घेतात.

अशाच एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, खऱ्या डोंगरावर या रेघा अशाच दिसतात का?" उत्तर द्यायला आमच्याकडे चित्र नव्हते. उतारावर उभे राहिले की एका वेळी दोन-चार चर नजरेत भरतात. सगळी रचना एकदम पाहायची तर नजर पक्ष्याची हवी.

म्हणून आम्ही कॅमेरा बसवलेले एक लहानसे, स्वस्तातले ड्रोन मिळवले आणि दिवाळीच्या सुट्टीत हिवरे बाजारला गेलो. आम्ही म्हणजे दोन शाळाशिक्षक आणि प्रयोगशाळेत संशोधन करणारा एक जण. तिघांपैकी कोणीही पूर्वी ड्रोन उडवलेले नव्हते. चार दिवसांत आम्ही ते कसेबसे उडवायला शिकलो. पण शिकता शिकता लक्षात आले, की हातातल्या पाव किलोहूनही हलक्या यंत्रात जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो माहीत नसेल तर यंत्र उडवता येईल, पण ते असे का वागते हे कळणार नाही. तो इतिहास आणि आमची शिकवणी अशी दोन्हींची ही हकिकत आहे.

फुगा, पतंग आणि कबूतर

जमिनीचे छायाचित्र वरून घेण्याची कल्पना छायाचित्रणकलेइतकीच जुनी म्हणायला हवी. पॅरिसचे छायाचित्रकार नादार यांनी १८५८ साली फुग्यात बसून असे पहिले छायाचित्र घेतले. सुरुवातीला त्यांच्या काचा सारख्या काळ्या पडत. फुग्यातून गळणारा वायू काचेवरील रसायने बिघडवतो, हे उमगल्यावर त्यांनी वायूची तोटी बंद केली आणि मग चित्र उमटले. नादार यांची ती छायाचित्रे आज उपलब्ध नाहीत. जगात टिकून राहिलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र अमेरिकेतील बोस्टन शहराचे आहे. ते जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० साली फुग्यातून घेतले.

फुग्यात माणूस बसतो, म्हणजे खर्च आला आणि धोकाही आला. माणूस जमिनीवर आणि कॅमेरा आकाशात, ही आजच्या ड्रोनची मूळ कल्पना फ्रान्सच्या आर्तुर बातू यांनी १८८८ साली प्रत्यक्षात आणली. त्यांनी कॅमेरा पतंगाला बांधला. झडप उघडण्यासाठी सावकाश जळणारी वात लावली. वात जळत ठरावीक जागी पोचली की झडप उघडे आणि चित्र उमटे. त्या वेळची उंची कळावी म्हणून सोबत वायुभारमापकही पाठवला होता. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स यांनी पतंगांच्या माळेला जड कॅमेरा टांगून त्या शहराचे जे छायाचित्र घेतले ते जगभर गाजले. पुढे जर्मनीतील औषधविक्रेते युलियुस नॉयब्रोनर यांनी तर कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधले.

या सर्व युक्त्यांत एक उणीव होती. पतंग वाऱ्याच्या मर्जीने जातो, कबूतर स्वतःच्या मर्जीने. हवे तिथे जाऊन हवेत स्थिर थांबणारे वाहन मात्र नव्हते.

चार पंख्यांचे यंत्र

असे वाहन करण्याचे प्रयत्न विमानाइतकेच जुने आहेत. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी प्राध्यापक रिशे यांच्या मदतीने १९०७ साली चार पंख्यांचे एक यंत्र बांधले. ते माणसाला घेऊन जमिनीपासून जेमतेम उचलले गेले, पण त्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नव्हता. चार कोपऱ्यांना चार माणसे ते धरून उभी होती. अमेरिकी सैन्यासाठी जॉर्ज दे बोथेझाट यांनी बनवलेले चार पंख्यांचे यंत्र डिसेंबर १९२२ मध्ये उडाले. फ्रान्सच्या एत्येन एमिशें यांनी १९२४ साली आपल्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला. तरीही ही यंत्रे मागे पडली. सिकोर्स्की यांच्या १९३९ सालच्या हेलिकॉप्टरने दाखवलेला मार्ग, म्हणजे डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा, हाच पुढे रूढ झाला.

चार पंख्यांची कल्पना चुकीची होती का? मुळीच नाही. ती फार सोपी आणि सुंदर आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरील पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक पंखा यंत्राच्या धडाला आपल्या उलट दिशेने फिरवू पाहतो. दोन दोन पंख्यांचे हे परिणाम एकमेकांना छेदतात आणि धड स्थिर राहते. पुढचे पंखे थोडे मंद व मागचे थोडे जलद केले की यंत्र पुढे झुकून पुढे जाते. एका कर्णावरचे दोन पंखे जलद आणि दुसऱ्या कर्णावरचे दोन मंद केले, की एकूण उचल तेवढीच राहून यंत्र जागच्या जागी गिरकी घेते. सुकाणू नाही, शेपटी नाही, फक्त चार वेग कमीजास्त करायचे.

अडचण एवढीच, की हे वेग दर सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त करावे लागतात. वाऱ्याची झुळूक आली, एक बाजू किंचित कलली, की लगेच दुरुस्ती हवी. माणसाच्या हातापायांना हे जमत नाही. म्हणून चार पंख्यांचे यंत्र ऐंशी-नव्वद वर्षे वाट पाहत राहिले. त्याला वाट होती ती स्वस्त, हलक्या आणि चपळ ज्ञानेंद्रियांची.

ओळंबा आणि एस.टी.

यंत्राला 'आडवे' म्हणजे काय ते कसे कळते? गवंडी ओळंबा सोडतो. डोंगरावर समतल चर आखताना गावोगाव जी साधने वापरतात, तीही याच तत्त्वावर चालतात. इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट घ्यायची, तिच्या शेंड्यातून दगड बांधलेली दोरी सोडायची. दोरी आडव्या पट्टीच्या मध्यखुणेवर आली, की चौकटीचे दोन्ही पाय समान उंचीवर आहेत असे समजायचे. किंवा पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यायची आणि दोन टोकांचे पाणी जुळवायचे. दोन्ही साधने गुरुत्वाकर्षणालाच विचारतात, "खाली कोणीकडे?"

ड्रोनच्या पोटातही एक ओळंबा असतो. त्याला त्वरणमापक म्हणतात. सिलिकॉनच्या कपचीवर कोरलेले एक सूक्ष्म वजन, तशाच सूक्ष्म पट्ट्यांवर तोललेले. यंत्र कलले की वजन किंचित सरकते आणि विद्युतधारितेत बदल होतो. १९९० च्या दशकात मोटारीच्या एअरबॅगसाठी, म्हणजे धडक बसल्याचे क्षणात ओळखण्यासाठी, अशा कपच्या मोठ्या संख्येने बनू लागल्या. पुढे त्या मोबाइल फोनमध्ये आल्या. फोन आडवा धरल्यावर चित्र आडवे होते, ते यांच्यामुळेच.

पण ओळंब्याला एक खोड आहे. एस.टी.त बसून दोरीला किल्ली बांधून लोंबती धरा. गाडी सुटली की किल्ली मागे जाते, ब्रेक लागला की पुढे येते. गाडी सपाट रस्त्यावर असूनही ओळंबा सांगतो की रस्ता कलला आहे. हवेत सतत हलणाऱ्या यंत्राला असा ओळंबा फसवणारच. त्यावर तोड म्हणजे घूर्णदर्शी. फिरत्या चाकाचा घूर्णदर्शी फुको यांनी १८५२ साली बनवला आणि त्याला नावही दिले. ड्रोनमध्ये मात्र चाक नसते. एक सूक्ष्म कंपन पावणारा भाग असतो. यंत्र वळले की कोरिऑलिस परिणामामुळे त्याच्या कंपनाची दिशा ढळते आणि त्यावरून वळण्याचा वेग मोजता येतो.

घूर्णदर्शीचीही खोड आहे. तो क्षणाक्षणाचे वळण अचूक सांगतो, पण बारीक चुका साठत जातात. दिवसाला दोन मिनिटे पुढे जाणाऱ्या घड्याळासारखा तो हळूहळू बहकतो. अशा घड्याळाचे आपण काय करतो? दिवसभर तेच पाहतो, पण रोज सकाळी आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावून घेतो. ड्रोनमधील संगणक नेमके हेच करतो. क्षणभरापुरता विश्वास घूर्णदर्शीवर, दीर्घकाळासाठी ओळंब्यावर. दोन सदोष साक्षीदारांकडून एक भरवशाची साक्ष मिळवण्याची ही रीत विज्ञानात इतरत्रही फार उपयोगी पडते.

उंचीसाठी बातू यांच्या पतंगावर होता तसाच वायुभारमापक आहे, फक्त कपचीएवढा. नगरच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, हवेचा दाब ९४ हजार पास्कलच्या आसपास असतो आणि एक मीटर वर गेले की तो साधारण ११ पास्कलने घटतो. साडेआठ हजारांत एक भाग एवढा हा फरक टिपून यंत्र आपली उंची राखते. जागा राखण्यासाठी उपग्रहांचे संकेत आहेत. अमेरिकेची जी.पी.एस. यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण झाली. नागरी वापरासाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेली चूक मे २०००मध्ये काढून टाकण्यात आली आणि शंभर मीटरच्या घरातली अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली. जोडीला १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन घटांनी हलके विद्युतबळ दिले. हे सर्व धागे जुळल्यावर २०१० नंतरच्या काही वर्षांत सामान्य माणसाला परवडणारे कॅमेऱ्याचे ड्रोन जन्माला आले.

आपल्याकडची वाटचाल

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. पवईच्या आय.आय.टी.तील तरुणांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' ही संस्था सुरू केली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जाणारे यंत्र त्यांचेच होते. याच गटाच्या 'नेत्र' यंत्राचा उपयोग २०१३ च्या उत्तराखंड महापुरात अडकलेल्यांचा शोध घेण्यासाठी झाला. खुद्द नगरमध्ये संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी जे देशी वांकेल इंजिन तयार झाले, त्यात या संस्थेचा सहभाग होता. त्या इंजिनावर २००९ साली कर्नाटकातील कोलार येथे 'निशांत'ने उड्डाण केले.

मे २०१४ मध्ये मुंबईतील एका दुकानाने लोअर परळहून वरळीला ड्रोनने पिझ्झा पोचवला. त्याचे कौतुक झाले, तशी पोलिसांकडून विचारणाही झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरिकांच्या ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. डिसेंबर २०१८ पासून नियमांखाली परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पुष्कळ सुटसुटीत नियमावली आली. या नियमावलीने आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत उडता येते. २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनसाठी चालकाला परवाना लागत नाही, मात्र यंत्राची नोंदणी आणि ओळख क्रमांक यांची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. नियम बदलत राहतात, म्हणून शिक्षकांनी उड्डाणापूर्वी ताजा नकाशा व ताजे नियम पाहावेत. नगरच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. शहरात लष्करी ठाणे आहे आणि के. के. रेंज हे तोफखान्याच्या सरावाचे विस्तीर्ण क्षेत्र याच परिसरात आहे. नकाशा पाहणे, पोलीस ठाण्यात कळवणे आणि ग्रामपंचायतीची संमती घेणे, या तीन गोष्टी केल्याखेरीज आम्ही पंखे जोडले नाहीत.

हात सोडण्याची विद्या

पहिल्या दिवशी मोकळ्या पडीक रानात यंत्र जमिनीवर ठेवले. शिकाऊ माणसाने करायच्या गोष्टी पुस्तिकेत होत्याच. होकायंत्र जुळवताना आसपास लोखंड नसावे, पंख्यांपासून माणसे व गुरे दूर असावीत, घट पूर्ण भरलेला असावा. नियंत्रकाला दोन दांड्या असतात. बहुतेक यंत्रांत डावी दांडी पुढे-मागे केली की यंत्र चढते-उतरते आणि बाजूला केली की गिरकी घेते. उजवी दांडी त्याला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे नेते. दोन मीटर उंचीवर यंत्र स्थिर ठेवणे पाच मिनिटांत जमले. चौकोनात फिरवणे दुपारपर्यंत जमले. आम्हाला वाटले, विद्या आली.

दुसऱ्या दिवशी यंत्राचे तोंड आमच्याकडे वळवले आणि सगळे उलटे झाले. समोरून येणाऱ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, हे आपण मुलांना आरशाच्या धड्यात शिकवतो. ते बोटांना ठाऊक नसते. दुपारचा वारा सुटला होता. यंत्र एका बाभळीकडे सरकू लागले. त्याला दूर न्यायच्या घाईत आम्ही दांडी चुकीच्या बाजूला दाबली, ते आणखी जवळ गेले, म्हणून आणखी जोरात दाबली. यंत्र बाभळीच्या काट्यांत जाऊन अडकले आणि दोन पाती मोडली. शेजारच्या शेतातल्या एका काकांनी आकडी बांधलेली लांब काठी आणून ते खाली काढून दिले. "बाभळीला आता असलीबी फळं लागायला लागली का?" एवढेच ते म्हणाले.

रात्री विचार करताना चूक उमगली. त्या क्षणी दांड्या सोडून दिल्या असत्या, तर यंत्र जागच्या जागी थांबले असते. १९०७ साली यंत्र स्थिर राहावे म्हणून चार माणसांनी ते धरून ठेवले होते. आज ते स्थिर राहावे म्हणून माणसाने हात काढून घ्यावे लागतात. नवशिक्याने शिकायची पहिली गोष्ट हीच. गोंधळ झाला की काही करू नये, हात सोडावेत, विचार करावा, मग हलावे. दुसरी चूक आमच्या तयारीतली होती. घट संपत आला की यंत्र आपोआप परत येते, पण कोणत्या उंचीवरून परत यायचे ते आधी सांगावे लागते. आम्ही ती दहा मीटर ठेवली होती आणि आजूबाजूची झाडे त्याहून उंच होती.

सावलीने दाखवलेले चर

तिसऱ्या दिवशी भर दुपारी यंत्र डोंगरावर शंभर मीटर उंच नेले. चित्र पाहिले आणि निराशा झाली. हिरवा-पिवळा डोंगर, गवत, झाडे. चर कुठेच दिसेनात. इतक्या वर्षांत ते गाळाने अर्धवट भरले आहेत, त्यांच्या काठांवर गवत माजले आहे.

येथे पुन्हा इतिहास मदतीला आला. इंग्लंडचे पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासून दाखवून दिले, की जमिनीवर चालताना जाणवतही नाहीत असे बुजलेले खंदक आणि बांध सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावल्यांमुळे उठून दिसतात. दुपारी सावली नसते, म्हणून आकारही नसतो. चौथ्या दिवशी सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने आम्ही यंत्र वर पाठवले. पडद्यावर सगळा उतार कंगव्याने विंचरल्यासारखा दिसला. रेघेखाली रेघ, डोंगराच्या वळणाबरोबर वळणारी. फळ्यावर काढतो तशा त्या सरळ नव्हत्या. घळ आली की आत वळत, सोंड आली की बाहेर येत. समतल म्हणजे सरळ नव्हे, समान उंचीची, हे त्या एका चित्राने जितके स्पष्ट झाले तितके आमच्या वीस वर्षांच्या शिकवण्याने झाले नसेल.

उपग्रहाचे तेरा गुंठे

चित्राचा गणिती अर्थही पाहू. आमच्या कॅमेऱ्याने शंभर मीटरवरून सुमारे दीडशे मीटर रुंदीची जमीन चार हजार ठिपक्यांत टिपली. म्हणजे एक ठिपका पावणेचार सेंटीमीटरचा.

आता मागे वळून पाहा. भारतात दूरसंवेदनाचा पहिला प्रयोग १९७० च्या सुमारास केरळात झाला. नारळाच्या झाडांवरील रोग ओळखण्यासाठी प्रा. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली गेली. हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. पुढे मार्च १९८८ मध्ये भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए अवकाशात गेला. त्याच्या अधिक तीक्ष्ण कॅमेऱ्याचा एक ठिपका ३६ मीटर लांब-रुंद होता. ३६ गुणिले ३६ म्हणजे सुमारे १३०० चौरस मीटर, अर्थात जवळजवळ तेरा गुंठे. तेरा गुंठ्यांचा एकच रंग! हाताच्या रुंदीचा चर त्यात दिसणे शक्यच नव्हते.

हा आकडा येथे मुद्दाम दिला. उपग्रह गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, हिवरे बाजारने श्री. पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच निवडले. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खालावत गेले होते, डोंगर बोडके झाले होते, माणसे पोटासाठी बाहेर पडत होती. वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. १९९४ मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले आणि चर, बंधारे, पाझर तलाव यांची कामे श्रमदानाच्या जोडीने झाली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली. (श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.) या सर्व काळात सामान्य गावकऱ्याला आपल्या गावाचे हवाई छायाचित्र सहजासहजी मिळत नसे. त्यासाठी संरक्षण खात्याच्या मंजुरीचे सोपस्कार होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीचे धोरण शिथिल झाले, तोवर डोंगरावर झाडे उभी राहून कितीतरी वर्षे लोटली होती. म्हणजे ज्यांनी हे घडवले, त्यांनी ते वरून न पाहता, ओळंब्याच्या भरवशावर घडवले.

वरून न दिसणारे

शेवटच्या दिवशी आमच्याकडून एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. डोंगरावरून परत आणताना यंत्र वस्तीवरून आले आणि कॅमेरा चालूच राहिला. थोड्या वेळाने एक आजी आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांनी सरळ विचारले, "माझ्या अंगणाचा फोटो कोणाला विचारून काढला, बाळा?" ग्रामपंचायतीची संमती डोंगरासाठी होती, त्यांच्या अंगणासाठी नव्हती. आम्ही त्यांच्यासमोर ती चित्रफीत पुसली आणि पुसल्याचे त्यांना दाखवले.

त्यांचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना, पुणे अशा जिल्ह्यांतील खेड्यांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते. चोर टेहळणी करतात, अशी भीती होती. गावे रात्र रात्र जागी राहिली. विधिमंडळातही हा विषय निघाला. आणि याच यंत्राने लोकांचे भलेही केले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची मोजणी ड्रोनने करण्याचा प्रयोग झाला. पुढे एप्रिल २०२० मध्ये 'स्वामित्व' योजना देशभर जाहीर झाली. पिढ्यान्‌पिढ्या कागद नसलेल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. यंत्र तेच, उंची तीच. फरक एवढाच, की सोनोरीत मोजणाऱ्याने सांगून मोजले आणि मोजल्याचा कागद घरमालकाच्या हाती पडला. कोण पाहतो, कोणाला सांगून पाहतो आणि पाहिलेले कोणाकडे जाते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती नियंत्रक देण्याआधी त्याला विचारले पाहिजेत.

आणखी एक मर्यादा. आमच्या चित्रात चर दिसले, झाडे दिसली, विहिरींची वर्तुळे दिसली. विहिरीत पाणी किती खोल आहे, हे दिसले नाही. हिवरे बाजारची खरी किमया तेथे आहे. गाव पाऊस मोजते, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजते आणि त्यावरून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडते. पाऊस कमी झाला तर कोणते पीक घ्यायचे नाही हे ठरते. उसासारखी पाणीखाऊ पिके आणि सिंचनासाठी कूपनलिका यांना गावाने नकार दिला आहे. असा नकार कोणत्याही कॅमेऱ्यात उमटत नाही. शेजारच्या एखाद्या गावात असेच चर खणले आणि मग कूपनलिकांनी पाणी उपसले, तर वरून दोन्ही डोंगर सारखेच दिसतील.

वर्गात करण्यासाठी

ड्रोन नसले तरी या लेखातले पुष्कळ काही वर्गात करता येईल. तीन काठ्या, दोरी आणि दगड यांची चौकट बनवून शाळेच्या आवारात समान उंचीची रेघ चुन्याने आखावी. ती सरळ येत नाही हे मुलांनाच शोधू द्यावे. एका मुलाने ड्रोन व्हावे, दुसऱ्याने पाठमोऱ्या आणि समोर तोंड केलेल्या 'ड्रोन'ला फक्त डावीकडे-उजवीकडे अशा आज्ञा देऊन खुणेपर्यंत न्यावे. आमची बाभूळ कुठे होती ते लगेच कळेल. सकाळी आठला आणि दुपारी बाराला गच्चीवरून मैदानाचे छायाचित्र घेऊन कोणत्या खाचखळग्यांची सावली केव्हा दिसते ते पाहावे. मोठ्या मुलांना एक गणित द्यावे. हिवरे बाजारचे क्षेत्र हजार हेक्टरांहून थोडे कमी आहे. दीडशे मीटर रुंद आणि सुमारे एकशे बारा मीटर लांबीच्या किती चित्रांत ते मावेल? उत्तर सहाशेच्या आसपास येईल. चित्रे एकमेकांवर चढवून नकाशा करायचा तर त्याच्या कितीतरी पट लागतील.

ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून हे सुरू झाले, तिला आम्ही ते सकाळचे चित्र दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, "सर, एवढं वळणावळणाचं त्यांनी खाली उभं राहून कसं आखलं?" आम्ही कपाटातून दोरी आणि दगड काढला.